लांब पल्ल्याचा टॉर्च घेताना कँडेला पाहावा

रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला बांधापलीकडचे स्पष्ट दिसायला हवे असते, आणि त्यासाठी खोक्यावर ठळक छापलेला ल्युमेनचा आकडा फारसा कामाचा नाही. तो एकूण प्रकाश सांगतो, झोताची तीव्रता मात्र कँडेलावरून कळते. कँडेलाच्या आकड्याचे वर्गमूळ दुप्पट केले की मीटरमधला पल्ला मिळतो, म्हणजे 10,000 कँडेलाला 200 मीटर आणि 40,000 कँडेलाला 400 मीटर. पल्ला दुप्पट हवा असेल तर तीव्रता चौपट लागते. शिवाय हा पल्ला 0.25 लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरेपर्यंतचा असल्यामुळे, समोर कुत्रे आहे की बिबट्या हे ओळखण्यासाठी त्याचा निम्माच धरावा.

दुकानात टॉर्च बंद ठेवून काचेतून आत पाहावे. परावर्तक रुंद, खोल व गुळगुळीत असून एलईडीचा पिवळा चौकोन लहान असेल, तर झोत लांब जातो. खडबडीत परावर्तक उजेड पसरवतो, जो अंगणात बरा. सर्वाधिक प्रखरता तापल्यामुळे काही मिनिटांतच आपोआप उतरते, म्हणून मधल्या पातळीवर तो किती तास चालतो हे विचारावे. सेल बदलता येणारा असावा; मात्र 18650 आकाराच्या (18 मिमी जाड, 65 मिमी लांब) सेलवर 9,900 एमएएच इतकी क्षमता छापली असेल, तर ती खोटी समजून तो खुशाल परत करावा. धुक्यात टॉर्च डोळ्यांजवळ न धरता कमरेपाशी धरावा, नाहीतर पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही.