पांढऱ्या एलईडीसाठी फॉस्फर बनवताय? या चुका टाळा

भट्टीतून फॉस्फरची, म्हणजे एक प्रकाश गिळून दुसऱ्या रंगाचा सोडणाऱ्या पदार्थाची, पावडर बाहेर येते, यूव्ही टॉर्चखाली धरली की लालभडक चमकते, आणि फोनवर फोटो फिरू लागतात. मग कुणीतरी विचारतं, "निळ्या चिपवर चमकते का?" तिथे गाडी अडते.

बाजारातला बहुतेक पांढरा एलईडी म्हणजे साधारण ४५० ते ४६० नॅनोमीटरची निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर. हा फॉस्फर बहुधा यॅग असतो, म्हणजे सिरियम घातलेलं यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट. तो थोडा निळा गिळतो, पिवळा सोडतो आणि उरलेल्या निळ्यासोबत डोळ्याला पांढरं दाखवतो. तेव्हा तुमच्या पावडरीला निळा प्रकाश गिळता आलाच पाहिजे.

लाल चमकणारा युरोपियम ३+ आयन वापरणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. त्याच्या एक्सायटेशनमध्ये, म्हणजे कुठल्या प्रकाशाने तो चमकतो त्या आलेखात, ३९४ आणि ४६५ नॅनोमीटरला रेषा दिसतात खऱ्या, पण त्या सुईसारख्या अरुंद आणि शोषणाला दुबळ्या. आलेख नॉर्मलाइझ केला, म्हणजे सर्वात उंच शिखर १ धरून मांडला, की हा दुबळेपणा झाकला जातो. २५० च्या आसपासचा रुंद पट्टा जोरदार असतो, पण तो पाऱ्याच्या दिव्यातल्या २५४ नॅनोमीटरसाठी कामाचा. ट्यूब आणि सीएफएलमधला लाल रंग यिट्रियम ऑक्साइडमधल्या युरोपियमनेच दिला. एलईडीचं गणित वेगळं आहे.

यॅग फिकं पडलं, उजेड कमी आला, तर आधी सिरियमचा संयुजांक (३+ की ४+) तपासा. हवेत भाजलं की बराच सिरियम ४+ होतो आणि सिरियम ४+ चमकत नाही. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात, २८.५ अंशांजवळ छोटं शिखर दिसलं, तर सिरियम ऑक्साइड वेगळा पडलाय असं समजा. यॅगचं मोठं शिखर ३३.३ च्या आसपास असतं. उपाय म्हणजे ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनमध्ये पुन्हा भाजणं. वायू सोडता येणारी नळीची भट्टी (ट्यूब फर्नेस) नसेल तर क्रुसिबलमध्ये, म्हणजे भाजायच्या भांड्यात, दुसरं क्रुसिबल ठेवून मधल्या जागेत कोळशाची पूड भरतात. तिथे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणून एक्झॉस्ट चालू नसेल तर हा प्रयोग करू नका.

नायट्रेट आणि इंधन एकत्र पेटवून पावडर करायची ज्वलन पद्धत आपल्याकडे लाडकी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून १९८८ मध्ये ॲल्युमिनासाठी ती पुढे आली. नागपूर-अमरावतीकडच्या प्रयोगशाळांतही ती चांगली रुळली आहे. नायट्रेट, युरिया, ५०० अंशांची मफल भट्टी, पाच मिनिटं. सोपी दिसते म्हणूनच हिशेब ढिला होतो. यॅगसाठी ३ मोल यिट्रियम नायट्रेट आणि ५ मोल ॲल्युमिनियम नायट्रेट धरलं, तर प्रत्येक मोलाची ऑक्सिडायझिंग संयुजा (जाळण्याची ताकद) १५, एकूण १२०. इंधन म्हणून युरियाची ६, म्हणजे २० मोल युरिया. हे कागदावर. बरणीतलं नायट्रेट ओलसर होऊन गोळे झालं असेल तर चार दशांश स्थळांच्या तराजूवर तुम्ही पाणीच मोजताय. लँथॅनम ऑक्साइड वापरणाऱ्यांनी तर तो वजनाआधी ९०० अंशांपुढे भाजून घ्यावाच. आणि ज्वाळेतून निघालेली करडी पावडर म्हणजे अजून पूर्ण जळालेलं नाही. पुन्हा भाजल्याशिवाय मापायला नेऊ नका.

आता माझा स्वतःचा गाढवपणा. एकदा २५४ नॅनोमीटरवर एक्साइट करून ५०८ ला सुरेख टोकदार शिखर मिळालं. आठवडाभर मी ते कुठल्या आयनचं हे शोधत होतो. ते कुणाचंच नव्हतं: मोनोक्रोमेटरची (तरंगलांबी वेगळी करणाऱ्या उपकरणाची) जाळी २५४ चा विखुरलेला प्रकाश दुसऱ्या क्रमात, म्हणजे दुप्पट तरंगलांबीवर, ५०८ ला दाखवत होती. शहानिशा सोपी आहे. एक्सायटेशन ६ नॅनोमीटरने सरकवा; शिखर १२ ने सरकलं तर ते भूत. उत्सर्जनाच्या वाटेत फक्त लांब तरंगलांबी जाऊ देणारा लाँग-पास फिल्टर लावला की जातं.

तीव्रतेची तुलनाही जपून करा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दाबून भरलेल्या पावडरींचे "आर्बिट्ररी युनिट" शेजारी ठेवून टक्केवारी काढणं म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवरची वजनं जोडणं. रंग सांगणारा सीआयई निर्देशांक ०.३३, ०.३३ (म्हणजे पांढरा) आला म्हणून उड्या मारू नका. स्पेक्ट्रम अर्धवट कापून मापला असेल तर तो आकडा काहीही येऊ शकतो. उष्णतेचं मोजमापही राहून जातं: चिपजवळ तापमान १०० अंशांच्या वर जातं, तरी मापन २५ अंशांवरच थांबलेलं असतं. १५० पर्यंत मापा.

सगळ्यात स्वस्त चाचणी मात्र लोक शेवटी करतात. साधा निळा पॉवर एलईडी घ्या, पारदर्शक सिलिकॉनमध्ये पावडर कालवा, चिपवर एक थेंब टाका, सुकू द्या, बटण दाबा. थेंबाचा जाड-पातळपणा बदलूनही उजेड निळाच राहिला, तर स्पेक्ट्रोमीटरच्या रांगेत उभं राहण्याआधी भट्टीकडे परत जा.