सेकंड ओपिनियन कसं मागायचं: बाँडवर जाणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

‘मॅडम, प्लीज गाइड.’ एवढाच मजकूर आणि सोबत तिरका काढलेला ईसीजीचा फोटो. ना वय, ना तक्रार. मेडिसिन विभागात मला असे मेसेज सतत येतात. बाँडचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष मी गडचिरोलीतल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं, त्यामुळे विचारणाऱ्याची घालमेलही ठाऊक आहे.

साधनांची काळजी करू नका. सरकारी यंत्रणेत ई-संजीवनी ही ऑनलाइन सल्ल्याची सेवा आहे, कॅन्सरच्या अवघड केसेससाठी नॅशनल कॅन्सर ग्रिडचा व्हर्च्युअल ट्यूमर बोर्ड, म्हणजे तज्ज्ञांची ऑनलाइन बैठक आहे, आणि खरं सांगायचं तर बरंचसं काम व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतं. अडतं ते विचारण्यापाशी.

पहिली गोष्ट, तुमचं निदान सुरुवातीलाच लिहू नका. ‘टायफॉइड आहे, ताप उतरत नाही’ असं लिहिलं की वाचणाराही टायफॉइडच्याच गल्लीत शिरतो. भातलावणीनंतरच्या दिवसांत एक बाई आठवडाभराचा ताप अंगावर काढून आली होती. हातात बाहेरच्या लॅबचा विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह रिपोर्ट, प्लेटलेट्स उतरलेल्या. मी ताप किती दिवसांचा, शेतातलं काम, तपासणीत काय सापडलं, एवढंच लिहून नागपूरच्या एका सीनियरना पाठवलं. उत्तराऐवजी प्रश्नच आला: ‘काख, कंबर, जांघ बघितलीस?’ सिस्टरना सोबत घेऊन पडद्याआड तपासलं. परकराच्या नाडीखाली सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली होती. स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. विडालचं नाव मी वर ठळक लिहिलं असतं, तर तो प्रश्न आला असता की नाही, शंकाच आहे.

दुसरं, शेवटी एकच नेमका प्रश्न लिहा. असा: ‘४८ वर्षं, पुरुष, डायबेटिस. दोन तासांपासून पोटात वरच्या बाजूला दुखतंय, घाम. बीपी १००/६०, पल्स ५२. लीड २, ३, एव्हीएफमध्ये एसटी वर वाटतंय. सॉर्बिट्रेट देऊ का?’ यावर मिनिटात उत्तर येतं: ‘नको, आधी व्ही४आर काढ.’ व्ही४आर म्हणजे छातीच्या उजव्या बाजूची ईसीजी लीड. हार्ट अटॅक हृदयाच्या उजव्या बाजूचा असेल तर सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेटने बीपी कोसळतं, म्हणून. मात्र अशा पेशंटसाठी ग्रुपवर वाट बघत बसू नका. अ‍ॅस्पिरिन द्या, १०८ला कळवा आणि थेट फोन लावा.

फोटोंचं थोडक्यात: ईसीजी सपाट ठेवून, कॅलिब्रेशनची खूण दिसेल असा काढा. त्वचेचा फोटो दिवसाउजेडी, शेजारी पट्टी ठेवून. पेशंटची परवानगी घ्या, नाव आणि चेहरा झाका.

‘एवढंही येत नाही का’ असं कुणी म्हणेल, ही भीती सगळ्यांनाच असते. पण विचारण्यात कमीपणा नाही. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३मध्ये खेड्यांतल्या डॉक्टरांना व्हिडिओवर जोडून हिपॅटायटिस सीच्या केसेसवर नियमित चर्चा सुरू केली. २०११मध्ये निकाल छापून आले: विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के पेशंट विषाणूमुक्त झाले, तर विचारून विचारून उपचार करणाऱ्या त्या डॉक्टरांकडे ५८.२ टक्के.

सल्ला मिळाला म्हणून जबाबदारी सरकत नाही. २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार सल्ला मागणारा डॉक्टरच उपचार करणारा मानला जातो. म्हणून कुणाला, किती वाजता विचारलं आणि काय उत्तर आलं, हे केसपेपरवर लिहा. सल्ला पटला नाही तर तसं बोला. पेशंट तुमच्यासमोर आहे, आमच्यासमोर फक्त स्क्रीन.

आणि पेशंटचं पुढे काय झालं ते कळवत जा. बहुतेक जण कळवत नाहीत, आणि आमचा अंदाज बरोबर होता की चूक, हे आम्हाला कधी कळतच नाही.