शौर्यपदकाचा प्रस्ताव लिहिताय? या चुका टाळा

'आपल्या जिवाची पर्वा न करता' हे शब्द ज्या प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत येतात, त्यात पुढे बहुधा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. माणसाने काम खरोखर मोठं केलेलं असतं. कागद मात्र कुणीतरी जुन्या फाइलवरून उतरवून काढतो, नाव आणि बक्कल नंबर बदलतो आणि जावक क्रमांक टाकून मोकळा होतो. पदक कृतीसाठी असलं तरी निर्णय कागदावर होतो, आणि कागद वाचणाऱ्यांपैकी कुणीही त्या रात्री तिथे नसतं.

नागपूरला हा विषय परका नाही. नक्षलविरोधी अभियानाचं मुख्यालय इथे आहे, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी (पूर्वीचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय तिच्यातच विलीन झालं) याही इथेच आहेत. पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक, कारागृह या सगळ्यांसाठी पूर्वी वेगवेगळी अशी एकूण सोळा पदकं होती. आता त्यांची चार झाली आहेत. राष्ट्रपती शौर्य पदक आणि शौर्य पदक ही दोन शौर्यासाठी. विशिष्ट सेवेसाठीचं राष्ट्रपती पदक आणि गुणवत्तापूर्ण सेवा पदक ही दोन सेवेसाठी. तरीही जुन्या नमुन्यावर 'राष्ट्रपती पोलीस शौर्य पदक' लिहिलेले मसुदे अजून फिरत असतात. सर्वात आधी तो नमुना संगणकातून पुसून टाका.

आता मुख्य चूक. विशेषणं लिहिली जातात, धोका लिहिला जात नाही.

नियमाची भाषा नीट वाचा. जीव किंवा मालमत्ता वाचवताना, गुन्हा रोखताना किंवा गुन्हेगार पकडताना दाखवलेलं ठळक शौर्य हा शौर्य पदकाचा निकष. तेच शौर्य दुर्मीळ कोटीचं असेल तर राष्ट्रपती शौर्य पदक. पण खरी मेख पुढे आहे: पत्करलेला धोका त्या अधिकाऱ्याची कर्तव्यं आणि जबाबदाऱ्या लक्षात घेऊन जोखला जातो. म्हणजे नुसतं 'पाण्यात उतरले' पुरत नाही. कोण उतरलं, त्याचं नेमून दिलेलं काम काय होतं, हातात साधन काय होतं, हे सगळं लागतं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा पहाटेचा एक प्रस्ताव कल्पून पाहा. मसुदा म्हणतो, 'हवालदारांनी अदम्य साहस दाखवून पुरात अडकलेल्या कुटुंबाचे प्राण वाचवले.' यातून काहीच कळत नाही. पाणी घोट्यापर्यंत होतं की छातीपर्यंत? उजेड होता का? खांबावरची वीज बंद केली होती का? दोर, जॅकेट, बोट यातलं काय हाताशी होतं? किती खेपा झाल्या?

तोच मजकूर असा लिहा: 'नेमणूक वाहतूक शाखा, पूरबचावाचं प्रशिक्षण नाही. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी पोहोचले. गल्लीत पाणी छातीपर्यंत, ओढ नदीच्या दिशेने, वीजपुरवठा चालू की बंद याची खात्री नाही. बचाव पथकाची बोट अजून पोहोचलेली नाही. कमरेला टोइंगचा दोर बांधून तीन खेपांत पाच जणांना बाहेर काढलं. तिसऱ्या खेपेला भिंत कोसळून उजव्या खांद्याला मार.' यात स्तुतीचं एकही विशेषण नाही, आणि वाचणाऱ्याला ती गल्ली डोळ्यांसमोर दिसते. हेच काम बोट, जॅकेट आणि प्रशिक्षण असलेल्या पथकातल्या जवानाने केलं असतं, तर ते त्याचं चोख कर्तव्य ठरलं असतं. त्याच्या प्रस्तावात कर्तव्याच्या पलीकडचा क्षण वेगळा दाखवावा लागेल.

आगीचंही तसंच. बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचं श्वसनयंत्र, लावून धुरात शिरणं हे अग्निशामकाचं रोजचं काम आहे, त्यामुळे तेवढंच लिहून भागत नाही. इथे आकडे बोलतात. ६ लिटरचं सिलिंडर ३०० बार दाबाला भरलेलं असेल तर हवा सुमारे १,८०० लिटर. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं, पण जिने चढताना, माणूस उचलताना श्वास दुप्पट लागतो आणि तीच हवा वीस-पंचवीस मिनिटांत संपते. ५० बारच्या आसपास इशाऱ्याची शिट्टी वाजते तेव्हा ३०० लिटर उरलेली असते. इतवारीतल्या एखाद्या गोदामात शिट्टी वाजल्यावर समोर बेशुद्ध माणूस दिसला आणि जवानाने त्याला ओढत बाहेर आणलं, तर आगीची वर्दी मिळाल्याची वेळ, आत शिरताना आणि बाहेर येताना गेजवरचा दाब, माणूस सापडला ते अंतर, एवढं लिहिलं की धोका आपोआप उभा राहतो. हे आकडे त्याच दिवशी टिपून ठेवावे लागतात. आठ महिन्यांनी कुणालाही आठवत नाहीत, आणि आठवणीतून लिहिलेला आकडा पंचनाम्याशी जुळत नाही.

एक जोड यालाच. बीए सेट गाडीत असताना न लावता आत शिरण्याला शौर्य म्हणून रंगवू नका. वाचणारा पहिला प्रश्न तोच विचारेल. पहिल्या गाडीवर सेट नव्हता आणि दुसरी गाडी यायला वेळ होता, असं कारण असेल तर ते स्पष्ट लिहा.

दुसरी चूक म्हणजे नावांची लांबलचक यादी. आत गेले दोघे आणि प्रस्तावात नावं चौदा, त्यात 'मार्गदर्शन केले' म्हणून कार्यालयात बसलेले साहेब वर. याने ज्या दोघांनी जीव टांगणीला लावला त्यांचाच प्रस्ताव दुबळा होतो. प्रत्येक नावापुढे त्याने स्वतः काय केलं हे तीन वाक्यांत लिहून पाहा. शेजारच्या नावाची वाक्यं उचलून इथे चिकटवता येत असतील, तर दोन्हींपैकी एक नाव यादीत नको. दोघांच्या मजकुरात एकच परिच्छेद शब्दशः दिसला की सगळ्या फाइलवरचाच विश्वास उडतो.

तिसरी चूक घाईची, आणि ही सर्वात महाग पडते. पोलीस कारवाईत मृत्यू झाला असेल तर २३ सप्टेंबर २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर ठेवल्याशिवाय पेन उचलू नका. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य, म्हणजे आपल्याच राज्याचं प्रकरण. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू त्यामागे होते. न्यायालयाने सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. घटनेनंतर लगेच शौर्य पुरस्कार किंवा बढती द्यायची नाही, शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच द्यायचं किंवा शिफारस करायची, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे. एफआयआर हवा, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून स्वतंत्र तपास हवा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी हवी. ही चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७६ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे.

'आधी नाव पाठवून देऊ, अहवाल मागून जोडू' हा सल्ला ठाण्यात कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नका. चौकशी अपुरी असताना गेलेला प्रस्ताव परत येतो, आणि पुढे चौकशीत शंका निघाली तर खरं धाडस केलेल्या शिपायालाही तिची झळ लागते. अर्थात चौकशी चालू आहे म्हणून हातावर हात ठेवून बसायचंही नाही. साक्षीदारांचे जबाब, डायरीतली नोंद, जखमेचं प्रमाणपत्र, घटनास्थळाचा नकाशा हे सगळं पहिल्या आठवड्यातच एका फोल्डरमध्ये लावा. मुदत त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहा, गेल्या वर्षीचं गृहीत धरू नका.

जीवनरक्षा पदकाच्या बाबतीत गल्लत ठरलेली. सर्वोत्तम जीवनरक्षा, उत्तम जीवनरक्षा आणि जीवनरक्षा ही पदकं मुख्यतः नागरिकांसाठी आहेत. पोलीस किंवा अग्निशामक त्यात बसतो, पण कृती कर्तव्याबाहेरची असेल तरच. रजेवर असलेल्या शिपायाने फुटाळा तलावात बुडणाऱ्या मुलाला काढलं, तर वाट ही. तोच बंदोबस्तावर असताना उतरला, तर शौर्य पदकाची. जीवनरक्षेसाठी घटना दोन वर्षांच्या आतली लागते, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह हे राज्याचं, आणि उत्तम सेवेसाठीही मिळतं. त्याला 'शौर्यपदक' म्हणून सीताबर्डीच्या चौकात फलक लावू नका.

हुद्दा घटनेच्या दिवशीचा लिहा, सध्याचा शेजारी. पोलीस नाईक हे पद २०२२ मध्ये रद्द झालं, म्हणून २०२१ च्या घटनेतल्या नाईकाला हवालदार करून टाकू नका. एफआयआरमध्ये तो नाईकच आहे.

'चकमक' आणि 'झटापट' एक नव्हेत. चाकूवाल्याला मिठी मारून पकडलं ती झटापट. दिल्लीला जाताना मराठी कागदांचं हिंदी-इंग्रजी भाषांतर होतं आणि शब्द तिथे घसरतात, म्हणून भाषांतर मूळ एफआयआरशेजारी ठेवून ओळीने ओळ तपासा. मरणोत्तर प्रस्तावात वारसाचं नाव सेवापुस्तक आणि आधार दोन्हींत सारखं आहे ना, हे बघा. नाही तर अलंकरण समारंभाच्या तोंडावर त्या घरच्यांना दाखले गोळा करत फिरावं लागतं.

सही होण्याआधी मसुदा त्या शिपायाला, त्या अग्निशामकाला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा. 'साहेब, मी डावीकडून नाही, मागच्या शटरमधून आत गेलो होतो,' असं काहीतरी तो हमखास सांगतो. पंचनाम्यातही मागचंच शटर असतं. तिथल्या तिथे दुरुस्त करा आणि मगच जावक क्रमांक टाका.