छोट्या स्केटबोर्ड रॅम्पवर या चुका टाळा

मुंबईत सोसायटीच्या आवारात किंवा पोडियमवर मुलांसाठी रॅम्प करून घ्यायचे ठरले की, ‘उंची कमी ठेवा, म्हणजे लागणार नाही’ ही सूचना सर्वांत आधी येते. ती काळजीपोटी केलेली असली तरी अपुरी आहे, कारण रॅम्प किती अवघड ठरेल हे त्याच्या वळणाच्या त्रिज्येवर फार अवलंबून असते. तीन फूट उंचीला सात फूट त्रिज्या दिली, तर वरच्या काठाशी चढ सुमारे 55 अंशांचा होतो. तीच उंची चार फूट त्रिज्येत बसवली, तर तो 75 अंशांवर जातो आणि नवशिक्याला जवळजवळ भिंतीवरूनच उतरावे लागते. एवढे करून प्रत्येक बाजूला जागा वाचते ती जेमतेम दोन फूट. हा सौदा करू नये.

दुसरी चूक प्लायची. सुतार अनेकदा घरातल्या फर्निचरचा एमआर (ओलावारोधक) प्लाय सुचवतात. तो दमटपणा काही प्रमाणात सोसतो, पण साचलेले पाणी सोसत नाही. उघड्यावरच्या रॅम्पसाठी आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन (पाण्यात टिकणारा) प्लायच घ्यावा आणि कापलेल्या कडांना जोडणीपूर्वी रंग किंवा सीलर लावून घ्यावा, कारण पाणी मुख्यतः तिथूनच आत शिरते. पावसाळ्यात रॅम्प ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवल्यास आतली ओल बाहेर पडत नाही आणि प्लायचे थर सुटू लागतात. म्हणून झाकताना खालून हवा खेळती ठेवावी. कार्टर रोडसारख्या समुद्राकाठच्या वस्तीत साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात, त्यामुळे तिथे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरलेले बरे. खेळ सुरू करण्याआधी जोडांवरून बोट फिरवून पाहावे: स्क्रूचे डोके नखाला लागत असेल, तर ते चाकालाही लागणार.

वरच्या काठावरचा पाइप, म्हणजे कोपिंग, पृष्ठभागापासून साधारण आठ ते दहा मिलिमीटर बाहेर असावा. तो फार बाहेर आला तर उतरताना चाके अडकतात. अगदी समतल बसला तर बोर्डाचा ट्रक, म्हणजे चाके जोडलेला धातूचा आस, त्यावर टेकतच नाही.

आता प्रत्यक्ष खेळातली सर्वांत महागात पडणारी चूक. ड्रॉप-इन, म्हणजे वरच्या काठावरून रॅम्पमध्ये उतरताना, मागचा पाय टेलवर (बोर्डाच्या मागच्या टोकावर) आणि पुढचा पाय पुढच्या ट्रकच्या बोल्टांवर असतो. त्यानंतर सगळे वजन पुढे टाकून पुढची चाके रॅम्पवर ठामपणे दाबायची असतात. भीतीने शरीर मागे राहिले की बोर्ड पायांखालून पुढे निसटतो आणि माणूस कमरेवर किंवा डोक्यावर आपटतो. ‘हळू हळू टाक’ असे सांगणारा मोठा माणूस इथे नकळत नुकसानच करतो, कारण अर्धवट टाकलेल्या वजनानेच पडायला होते. खांदे पुढच्या ट्रकच्या वर आले पाहिजेत, गुडघे वाकलेले हवेत आणि हेल्मेट, गुडघ्यांचे व कोपरांचे पॅड घातल्याशिवाय हा प्रयोग करू नये. सायकलचे हेल्मेट सहसा एकाच जोरदार आघातासाठी बनवलेले असते, म्हणून वारंवार पडणाऱ्यांनी स्केटबोर्डिंगचेच घ्यावे.

वेग टिकत नसेल, तर पायाने ढकलत राहू नये. सपाट भागात गुडघे वाकवावेत आणि वळणातून जाताना पाय सरळ करावेत. वर जाताना आणि खाली येताना, दोन्ही वेळा. हे जमायला लागले की रॅम्पवरच वेग वाढतो, म्हणून ड्रॉप-इनच्या आधी हेच शिकवावे. चाकांच्या कडकपणाचा आकडा जितका मोठा, तितके चाक कडक: रस्त्यासाठीची 78ए कडकपणाची मऊ चाके प्लायवर वेग खातात. 99एच्या आसपासची चाके इथे योग्य.

रॉक टू फेकीमध्ये, म्हणजे पुढचा ट्रक कोपिंगपलीकडे नेऊन बोर्ड न वळवता उलट खाली येण्याच्या करामतीत, परतताना पुढचा ट्रक कोपिंगवर अडकतो, ही तक्रार नेहमीची आहे. वजन मागच्या पायावर घेऊन पुढची चाके किंचित उचलली, की तो सुटतो. नुसते मागे ओढल्याने मात्र तो अधिकच अडकतो.