कयाक चालवताना या चुका टाळा: आधी भरती बघा, मग वल्हं उचला

तारकर्लीच्या बाजूने कर्लीच्या खाडीत कयाक घातली, की पहिली दहा मिनिटं फार लबाड असतात. पाणी सपाट, डाव्या हाताला कांदळवन, एखादा खंड्या सुळकन समोरून जातो, आणि वल्हं नुसतं टेकवलं तरी होडी पुढे पळते. वाटतं, आपल्याला जमलं! बहुतेक वेळा ती ओहोटी असते. तीच तुम्हाला नेत असते.

माझी पहिली फजिती अशीच झाली. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. दुपारी तीनला आम्ही निघालो आणि गप्पा मारत, जवळजवळ न वल्हवता, देवबागच्या संगमाकडे, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिकडे, निम्म्याहून जास्त अंतर गेलो. साडेचारला परत फिरलो. वीस मिनिटं जीव खाऊन वल्हवलं आणि बाजूला बघितलं, तर जाळ्याचा तोच खुंट शेजारी उभा. शेवटी एका मच्छीमार काकांनी दोर टाकून ओढत आणलं. वाटेत त्यांनी एकच विचारलं, “तिथी बघूक नाय?”

त्या प्रश्नातच सगळं आहे. कोकणात भरतीचा अंदाज बांधायची जुनी रीत आहे: पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जे येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ, दुपारची आणि पहाटेची दोन्ही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आमची द्वितीया होती, म्हणजे दीड. साडेचारला सुकती, म्हणजे ओहोटी, बरोबर मध्यावर आली होती. सुमारे सहा तासांत पाणी उतरतं, पण सारख्या वेगाने नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात थोडंच हलतं. मधल्या दोन तासांत मात्र जवळजवळ निम्मं पाणी निघून जातं. त्यातून पौर्णिमेच्या आसपासचं उधाण. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या मागेपुढे, हाच ओढ बराच सौम्य असतो, आणि नवशिक्यांनी तेच दिवस निवडावेत. ही रीत अंदाजापुरती. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी ती थोडी उशिरा येते हे धरून चाला.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेत मतलई आणि खारे वारे पाठ केले होते, त्यांचा उपयोग इथे होतो. सकाळी जमिनीकडून मंद वारा किंवा शांतता, आणि जेवणवेळेनंतर समुद्राकडून खारा वारा जोर धरतो. त्यामुळे कयाकिंगला सकाळ ती सकाळच. “सूर्यास्त बघायला जाऊ” हा बेत फोटोसाठी छान, पण परतीला वारा, प्रवाह आणि अंधार तिघंही विरोधात जाऊ शकतात. जाताना आधी वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध जा. दमल्यावर पाण्याने घरी आणावं, अशी आखणी हवी. संगमाच्या तोंडाशी तर जाऊच नका. बाहेर पडणारी ओहोटी आणि आत येणारी लाट तिथे समोरासमोर भिडतात, आणि लाट उभीच्या उभी होते.

आता होडीतल्या चुका. त्या कमी धोक्याच्या, पण मजा घालवणाऱ्या.

हात भरून येत असतील तर तुम्ही दंडाने वल्हवताय. वल्हं पायाच्या अंगठ्याजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. मधली ताकद कमरेच्या पिळातून, पोट आणि पाठीतून यायला हवी. पाय ठेवायच्या खाचांवर टाचा टेकलेल्या, गुडघे किंचित वाकलेले असू द्या. ज्या बाजूला वल्हं मारताय त्याच पायाने हलकेच रेटा दिला, की हे आपोआप जमतं. वल्हं किती घट्ट धरायचं? इतकंच, की बोटं उघडझाप करता यावीत. मुठी आवळल्या की तासाभरात अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो, आणि खाऱ्या पाण्यात तो असा झोंबतो की विचारू नका.

वल्हं उलटं धरणं ही तर इतकी सर्रास चूक आहे की भाड्याने होडी देणारेही आता टोकत नाहीत. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडे हवी. पातं एका बाजूला तिरकं कापलेलं असेल तर लांब कड वर. हातांमधलं अंतर मोजायला वल्हं डोक्यावर आडवं ठेवा, कोपरं काटकोनात आली की झालं.

कयाक सारखी एकीकडे वळत असेल तर लगेच तिला दोष देऊ नका. बहुतेकांचा एक हात जास्त जोरात चालतो, किंवा वजन एका कुल्ल्यावर असतं. होडी डावीकडे जातेय? मग डाव्या बाजूनेच, होडीपासून लांब, रुंद अर्धवर्तुळात एक वल्हं फिरवा. नाक सरळ होतं. उजवीकडे ब्रेक लावूनही नाक वळतं, पण वेग मरतो.

दोघांच्या कयाकमध्ये जड माणूस मागे. पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने तो ताल पाळून दिशा सांभाळायची. प्रत्यक्षात मागे नवरा बसतो आणि “डावीकडे, अगं डावीकडे!” असं ओरडत राहतो. पुढे बसलेल्या बायकोला मागचं काही दिसत नाही, पण मागच्याला पुढचं सगळं दिसतं, हे लक्षात ठेवलं तर तक्रार कुणाची खरी ते कळेल.

आणि कनूला कयाक म्हणू नका. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि वल्ह्याला दोन पाती असतात, कनूत एकच पातं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 2023 साली अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी 1000 मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं ते कनूत, एका गुडघ्यावर बसून. आपल्याला तसं दहा मिनिटं बसून दाखवता आलं तरी खूप.

होडी उलटणार असं वाटलं की माणूस दोन्ही कडा धरतो. नेमकं तेच करू नका. वल्हं पाण्याबाहेर गेलं की तोल सावरायला काही उरत नाही. वल्हं पाण्यात ठेवा, किंचित पुढे झुका. प्रवाहाने होडी खुंटावर किंवा झाडावर आडवी लागली, तर अंग खुंटाकडे झुकवा. लांब झुकलात तर प्रवाहाकडची कड बुडते आणि होडी पालथी होते.

उलटलातच तर होडी सोडू नका. किनारा दिसतो त्याहून लांब असतो, आणि शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा रंगीत होडी आधी दिसते. वर बसायच्या (उघड्या, सिट-ऑन-टॉप) कयाकमध्ये परत चढणं अवघड नाही. मधोमध दोन्ही हात टेकवा, पाय मागे पाण्याच्या पातळीवर आणून जोरात मारा, पोटावर चढा, मग वळून बसा. हे गुडघाभर पाण्यात, हसतखेळत, आधी दोनदा करून बघा. लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर पट्टे सैल आहेत. पाण्यात ते तोंडावर येईल. पोहता येतं म्हणून जॅकेट मांडीखाली घेऊन बसणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या होडीत बसतच नाही.

पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात. स्लिपर चिखलात राहते, आणि खडकांवरची कालवं तळव्याला ब्लेडसारखी कापतात. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, तिथे स्थानिकांना विचारल्याशिवाय पाय सोडून बसू नका.

शेवटी एक नेहमीची तक्रार: “होडीत पाणी येतंय.” वर बसायच्या कयाकला तळातून आरपार भोकं असतात. त्यातून बुडाखाली थोडं पाणी येणारच, ते तसंच खालीही जातं. पण होडी जड झाली, मागून बसली, वळायला आळसावली, तर पाणी पोकळीत शिरलंय. फाटलेला सांगाडा क्वचित असतो. आदल्या संध्याकाळी कुणीतरी पाणी काढायला मागचं बूच उघडलेलं असतं आणि लावायचं राहिलेलं असतं. बसण्याआधी तिथे बोट लावून बघा. काठावर परत आल्यावरही बघा, कारण यावेळी ते तुम्हीच उघडणार आहात.