घरचे कॅमेरे स्वतःच्या संगणकावर घेताना : तयारीची यादी, आणि तीत सर्वांत आधी घड्याळ

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावाकडच्या घरी हौदाजवळ बसवलेली पाण्याची मोटर रात्रीतून चोरीला गेली. घराला चार कॅमेरे होते, त्यांचे चित्रण मी उभारलेल्या संगणकावर मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने साठत होते, आणि मोटर उचलणारी दोन माणसे दोन कॅमेऱ्यांत दिसतही होती. तरीही पोलीस ठाण्यात ते चित्रण दाखवताना एका साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही : हे किती वाजता घडले? हौदावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात कोपऱ्यात पहाटेचे ४:४० उमटले होते. त्याच चित्रणाची फाइल संगणकावर आदल्या दिवसाच्या तारखेच्या फोल्डरमध्ये, २० या तासाखाली, ४० या मिनिटाच्या नावाने पडलेली होती. फाटकावरच्या कॅमेऱ्यात मिट्ट काळोख होता आणि वर १ जानेवारी १९७०, सकाळचे १०:३० असे लिहिलेले होते. खरी वेळ रात्री २:१० होती, हे घरी येऊन कागदावर हिशेब मांडल्यावर कळले. चूक सर्वस्वी माझी होती. मी सगळे जोडले, पण घड्याळे लावली नाहीत. ही यादी त्यानंतर लिहिली आहे, आणि घड्याळाचा उल्लेख तीत वारंवार आला तर तो जाणूनबुजून आलेला आहे.

कॅमेरा विकत घेण्यापूर्वी त्याच्या माहितीपत्रकात आरटीएसपी आणि ऑनव्हिफ हे दोन शब्द शोधावेत. पहिल्यामुळे चित्र कोणत्याही संगणकाला मिळते. दुसरे, २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी सुरू केलेले, वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी एकच भाषा बोलावी यासाठीचे प्रमाण आहे. केवळ मोबाइलच्या ॲपवर चालणारे अनेक स्वस्त वायफाय कॅमेरे आणि बॅटरीवरचे बहुतेक कॅमेरे यांपैकी काहीच देत नाहीत, आणि मग कितीही उत्तम सॉफ्टवेअर आणले तरी उपयोग नसतो. याच वेळी तिसरी गोष्टही पाहावी, जी मी पाहिली नव्हती : कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीपी सर्व्हरचा, म्हणजे ज्याला कॅमेरा वेळ विचारतो त्या संगणकाचा, पत्ता स्वतः भरता येतो का. येत नसेल, तर तो कॅमेरा घेऊ नये. किंमत कमी आहे म्हणून तडजोड करू नये.

केबलचे थोडक्यात सांगतो. शक्य तेथे वायफाय टाळावे आणि पीओई स्विच वापरावा, म्हणजे एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जाते. केबल पूर्ण तांब्याची असावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल त्याच वेष्टनात मिळते, आणि लांब अंतरावर तिच्यातून वीज पुरेशी पोचत नाही. १०० मीटर ही मर्यादा आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचा आयपी पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून द्यावा. मूळ पासवर्ड बदलावा, हे सांगण्याची गरज नसावी. मात्र नव्या पासवर्डात @ किंवा # घालू नये, कारण आरटीएसपीच्या पत्त्यात ही चिन्हे वेगळा अर्थ घेतात आणि पासवर्ड बरोबर असूनही चित्र येत नाही. माझी एक संपूर्ण संध्याकाळ त्यात गेली.

त्यानंतर कॅमेऱ्यांचा बाहेरच्या इंटरनेटशी संबंध तोडावा. राउटरमधील यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना न विचारता बाहेरची वाट उघडू देणारी सोय, बंद करावे, कॅमेऱ्यातील क्लाउड आणि पीटूपी या कंपनीमार्फत बाहेरून चित्र दाखवणाऱ्या सोयी बंद कराव्यात, आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये कॅमेऱ्यांच्या चारही पत्त्यांना बाहेर जाण्यास मनाई करावी. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला करून अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली; ते कॅमेरे असेच कोणाच्या तरी घरचे आणि दुकानातले होते. म्हणून ही पायरी गाळू नये.

पण येथेच माझी चूक घडली, म्हणून येथे थांबून वाचावे. कॅमेऱ्याचा बाहेरचा रस्ता बंद केला की त्याला वेळ विचारायलाही बाहेर जाता येत नाही. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज परत आली की ते संगणकीय कालगणनेच्या आरंभापासून, म्हणजे १ जानेवारी १९७० पासून, पुन्हा मोजू लागतात. त्या रात्री ११:४० ला वीज परत आली होती, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याने तेथून, चीनच्या वेळेने सकाळी ८ पासून, नवे युग सुरू केले. हौदावरच्या कॅमेऱ्याला वीज यूपीएसवरून मिळत होती, म्हणून त्याचे घड्याळ टिकले, पण ते मुळातच कारखान्यातून आलेल्या चीनच्या वेळेवर होते, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. मी कॅमेरे सुरक्षित केले आणि त्याच हाताने त्यांची घड्याळे निरुपयोगी केली.

उपाय असा आहे की घरचा संगणकच कॅमेऱ्यांना वेळ सांगणारा करावा. डेबियन लिनक्समध्ये मुळात असलेली वेळ जुळवणारी सेवा बाहेरून वेळ घेते, पण कोणाला देत नाही. त्यासाठी क्रोनी हा प्रोग्रॅम बसवावा, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘अलाउ’ या ओळीत घरच्या नेटवर्कचा पत्ता द्यावा, इंटरनेट बंद असतानाही वेळ देत राहावी यासाठी ‘लोकल स्ट्रॅटम १०’ ही ओळ घालावी, आणि फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ हे पोर्ट घरापुरते उघडावे. मग प्रत्येक कॅमेऱ्यात जाऊन एनटीपी सर्व्हर म्हणून संगणकाचा पत्ता लिहावा, प्रमाणवेळ ५:३० पुढे निवडावी आणि उन्हाळी वेळेचा पर्याय बंद आहे ना, ते पाहावे. प्रत्येक कॅमेऱ्यात म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्यात. एक लावला म्हणजे बाकीचे आपोआप लागत नाहीत.

अजून संपले नाही. किती वेळाने घड्याळ जुळवायचे, हे कॅमेऱ्यात वेगळे लिहावे लागते, आणि काही कॅमेऱ्यांत हा आकडा १४४० मिनिटे, म्हणजे पूर्ण दिवस असतो. वीज परत आल्यावर कॅमेरा मिनिटभरात उठतो, संगणकाला तीन-चार मिनिटे लागतात. त्यामुळे कॅमेऱ्याची पहिली हाक वाया जाते आणि तो दुसरी हाक थेट दुसऱ्या दिवशी मारतो. हा आकडा १० मिनिटांवर आणावा, आणि कॅमेरा तितके कमी घेत नसेल तर तो घेईल तितका लहान ठेवावा.

संगणक जुना चालतो, पण इंटेलचा असेल तर सहाव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा घ्यावा, म्हणजे एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्ही प्रकारचे चित्र उलगडण्याचे काम प्रोसेसरवर न पडता त्यातील ग्राफिक्सच्या भागावर जाते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय असतो, तो चालू करावा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी आजच बदलावी. जुन्या संगणकात ती बहुधा संपलेली असते, आणि ज्याच्याकडून सगळे कॅमेरे वेळ विचारणार त्याचेच घड्याळ मागे पडले तर चारही कॅमेरे एकमताने खोटी वेळ दाखवतील, जे चौघांनी चार वेळा दाखवण्यापेक्षा वाईट आहे, कारण मग कोणाला संशयही येत नाही. यूपीएसवर संगणक, राउटर आणि पीओई स्विच हे तिन्ही असावेत. एकटा संगणक चालू राहून काही साधत नाही.

हार्डडिस्कचा हिशेब आधी करावा. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने एक कॅमेरा तासाला १.८ जीबी आणि दिवसाला सुमारे ४३ जीबी लिहितो. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला १७३ जीबी होतात, म्हणजे १ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. ४ टीबीमध्ये तीन आठवडे मिळतात. ही डिस्क लिनक्स असलेल्या डिस्कपेक्षा वेगळी असावी, आणि संगणक सुरू होताना ती नक्की जोडली जाते ना, हे तपासावे. न जोडली गेल्यास चित्रण मुख्य डिस्कवर जाऊन ती काही तासांत भरते.

सॉफ्टवेअरमध्ये झोनमाइंडर २००२ पासून आहे आणि आजही भक्कम आहे. मोशन आणि त्यावरचे मोशनआय जुन्या, दुबळ्या संगणकासाठी योग्य आहे. माणूस, वाहन, जनावर यांतील फरक ओळखायचा असेल तर फ्रिगेट घ्यावे. मी तेच वापरतो आणि पुढचे त्याच्याविषयी आहे. प्रथम प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहावे. तेथे दिसले नाही तर फ्रिगेटमध्येही दिसणार नाही, उगीच सॉफ्टवेअरला दोष देत बसू नये. साठवणीसाठी कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह आणि ओळखण्यासाठी लहान आकाराचा दुय्यम प्रवाह, सेकंदाला ५ चित्रांचा, असे दोन्ही द्यावेत. मुख्य प्रवाहावरच ओळखण्याचे काम लावले की संगणक धापा टाकू लागतो. ब्राउझरमध्ये विनाअडथळा दिसावे म्हणून शक्यतो एच.२६४ ठेवावे.

आता पुन्हा घड्याळ. फ्रिगेट आपल्या फाइली यूटीसी या जागतिक वेळेनुसार फोल्डरांत ठेवते, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. त्यामुळे १३ या तासाच्या फोल्डरमध्ये आपले संध्याकाळचे ६:३० ते ७:३० असतात, आणि मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे सर्व काही आदल्या तारखेखाली जाते. हा दोष नाही, रीत आहे. पण ती ठाऊक नसेल तर माझ्यासारखी फजिती होते. फाइल थेट फोल्डरमधून उचलू नये, फ्रिगेटच्या पडद्यावरून वेळ निवडून निर्यात करावी. फ्रिगेट डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला वेगळ्या पेटीत ठेवून चालवणाऱ्या साधनात, चालते आणि डॉकरच्या पेटीला आपली प्रमाणवेळ वेगळी सांगावी लागते. आशिया/कोलकाता हे नाव तेथे द्यावे. आणि चित्राच्या कोपऱ्यात पळणारे सेकंद सॉफ्टवेअरला हालचाल वाटतात, म्हणून तो कोपरा हालचालीच्या मास्कखाली, म्हणजे जेथील हालचाल सॉफ्टवेअरने मोजू नये अशा भागात, घ्यावा. मास्कमुळे साठवलेल्या चित्रातील वेळ झाकली जात नाही, म्हणून कोणी कंटाळून ती वेळच बंद करू नये. तुळशीवृंदावनाशेजारची आंब्याची फांदी आणि समोरचा रस्ता हेही मास्कखाली जातात.

कॅमेरा संगणकावरून फिरवायचा असेल तर ऑनव्हिफचे पोर्ट आणि अनेकदा ऑनव्हिफचा स्वतंत्र वापरकर्ता कॅमेऱ्यात तयार करावा लागतो. ‘फाटक’, ‘हौद’, ‘मागचे दार’ अशा जागा कॅमेऱ्यातच आधी जतन करून ठेवाव्यात. पासवर्ड अचूक असूनही कॅमेरा आज्ञा नाकारत असेल तर घड्याळ पाहावे : ऑनव्हिफच्या प्रवेशपत्रात वेळ गुंफलेली असते, आणि संगणकाची व कॅमेऱ्याची वेळ फार वेगळी असेल तर कॅमेरा ते पत्र शिळे समजून परत करतो. हे मला आधी कळते, तर मोटर जाण्यापूर्वी महिनाभर तरी सावध झालो असतो, कारण माझा हौदावरचा कॅमेरा तेव्हापासूनच फिरायला नकार देत होता आणि मी तो बिघडला असे समजत होतो.

चित्रण पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा, लिहायचे असते. लिनक्समध्ये शा-२५६ या प्रकारचा असा ठसा काढण्याची आज्ञा मुळातच असते. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरील खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत दाखल झाला की नंतर, हाच वाद होता आणि त्यासाठी व्हिडिओ चित्रण पुढे आले होते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, जुन्या कायद्यातील कलम ६५ ब खाली, मूळ साधन हजर केले नसेल तर प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचे सांगितले. प्रमाणपत्र मिळवता येते. चुकीची उमटलेली वेळ मागाहून दुरुस्त करता येत नाही. ती दुरुस्त केली तर तो पुरावाच राहत नाही.

आता चाचणी. घरातील मुख्य बटण १५ मिनिटे बंद ठेवावे, यूपीएसही बंद करावा, आणि सगळे एकदम चालू करावे. अर्ध्या तासाने सेकंदांसह वेळ दाखवणारा मोबाइल हातात धरून प्रत्येक कॅमेऱ्यासमोर उभे राहावे, आणि मग संगणकावर ते चित्रण काढून मोबाइलवरची वेळ, चित्राच्या कोपऱ्यातील वेळ आणि फ्रिगेटने दाखवलेली वेळ या तिन्ही जुळतात का ते पाहावे. एक-दोन सेकंदांचा फरक चालेल. अडीच तासांचा चालणार नाही.

बाहेरगावाहून पाहण्यासाठी पोर्ट उघडू नये, घराशी कुलूपबंद खासगी जोडणी करून देणारे वायरगार्ड वापरावे. घरच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसेल तर सेवादाराकडे तो मागावा. शेजाऱ्यांचे दार चित्रात येऊ देऊ नये. काचेवरची जाळी काढावी, रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात आणि मागोमाग कोळी येतो. आयपी पत्ते, पासवर्ड आणि प्रत्येक कॅमेऱ्यातील वेळ जुळवण्याचा आकडा एका वहीत लिहून ती वही संगणकाजवळ नव्हे, कपाटात ठेवावी. तीतच मोबाइल धरून केलेल्या शेवटच्या तपासणीची तारीखही लिहावी. माझ्या वहीत ती दर महिन्याच्या १ तारखेची आहे.