गोचीड कातडीला चिकटली तर

पोळ्याच्या आदल्या दिवशी देवणी बैलाची खांदेमळणी करून आलो आणि रात्री काखेत गोचीड सापडली. आमच्याकडे अशा वेळी लगेच रॉकेल नाहीतर पेटती उदबत्ती पुढे येते. दोन्ही नको. डिवचली की गोचीड लाळ आत सोडू शकते, आणि आजार आलाच तर त्या लाळेतूनच.

१. भुवया कोरायचा बारीक टोकाचा चिमटा घ्या.
२. फुगलेलं पोट धरू नका. कातडीला अगदी टेकवून तोंडाशी पकडा.
३. सरळ वर, सावकाश, एकसारखं ओढा. पीळ नाही, हिसका नाही.
४. जागा आणि हात साबणाने धुवा, स्पिरिट लावा.

तोंडाचा तुकडा आत राहिला आणि चिमट्याने सहज निघेना, तर सुईने उकरत बसू नका. कातडी तो हळूहळू बाहेर टाकते. काढलेली गोचीड नखावर चिरडायची (आमच्या आजीची आवडती रीत!) नाही, चिकटपट्टीत गुंडाळून टाका.

पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर पुरळ उठलं तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.